बिब्ब्याची ओळख

ज्या घरांत बिब्बा ठाऊक नाहीं असें घर आपल्यांत क्वचितच असेल. बाळंतिणीच्या औषधांत तो असतो, दुकानाच्या दारावर लिंबू-मिरच्यांच्या माळेंत तो लोंबत असतो, आणि ठरत आलेल्या कार्यांत कोणी बिब्बा घालूं नये अशी धास्तीहि आपण बाळगतों. परंतु बिब्ब्याचें झाड आपण पाहिलें आहे काय? हदगांवास शिक्षक होऊन कांहीं वर्षें लोटलीं तरी मीं तें पाहिलें नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे.

एका हिवाळ्यांत पैनगंगेकडील खेड्यांतून येणाऱ्या एका मुलानें माझ्या मेजावर एक फांदी आणून ठेविली. तिला फळें होतीं, पण तीं मोठीं विलक्षण! वर एक गुबगुबीत नारिंगी फळ, आणि त्याच्या टोकाला चिकटलेलें दुसरें, काळें व चकचकीत. मला नांव सुचेना, म्हणून मीं चाकूनें काळा भाग चिरून पाहिला. तोंच मागल्या बांकावरून आवाज आला, "गुरुजी, बिबा हाय तो! पिवळं खायाचं, काळ्याला हात लावायचा न्हाई." त्या दिवशीं कांहींच झालें नाहीं. तिसऱ्या दिवशीं मात्र बोटें सुजलीं, पाण्याचे फोड आले आणि पंधरा दिवस मला खडू धरवेना.

आतां ह्या जोडफळाचें रहस्य ऐका. खरें फळ तें काळेंच. नारिंगी भाग म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. कोंकणांत काजूच्या बोंडाखालीं बी लोंबते, तोच हा प्रकार. बिब्बा, काजू आणि आंबा हीं एकाच कुळांतील भावंडें. कैरीच्या चिकानें ओठ उततात त्याचें मूळहि ह्याच नात्यांत आहे. काळ्या टरफलांत पोळ्यासारखे बारीक कप्पे असून त्यांत दाहक तेल भरलेलें असतें. तें मुळांत तपकिरी. हवा लागली कीं काळें पडतें, आणि पाण्यानें धुतां जात नाहीं. म्हणूनच आपले परीट पिढ्यानुपिढ्या कपड्यांवर बिब्ब्याची खूण करीत आले. धाकट्या लिनियसनें ह्या वृक्षास सेमेकार्पस हें नांव दिलें. त्याचाहि ग्रीक अर्थ खुणेचें फळ असाच होतो. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर चट्टे उठूं लागले, तेव्हां ते नेमके परिटाच्या खुणेखालीं निघाले! १९४३ सालीं तिकडील वैद्यकीय नियतकालिकांत ह्यावर लेखहि आला.

झाड ओळखावयाचें तर पानें पाहावीं. वीतभर ते हातभर लांब, टोकाकडे रुंद व गोलसर, खालून फिकट राखी, आणि फांद्यांच्या शेंड्याशीं दाटलेलीं. नर व मादी झाडें बहुधा वेगळीं असतात. म्हणून एखादें झाड कधींच फळत नाहीं, व शेतकरी त्यास उगाच वांझ म्हणतो. वैद्य ह्यास भल्लातक म्हणतात व विटेच्या भुग्यांत घोळून शुद्ध केल्यावांचून वापरीत नाहींत. घरच्या घरीं त्याचे प्रयोग कोणीं करूं नयेत, हें मी पोळलेल्या बोटांनिशीं सांगतों.

ह्या काळ्या कवचाच्या आंत पांढरा, गोड गर असतो, ती गोडंबी. शहरांत आपण ती डिंकाच्या लाडवांत घालतों. ती काढावयाची म्हणजे एकेक बिब्बा दगडावर ठेवून फोडावा लागतो. हें काम बहुधा गरीब बाया करतात, तेल त्यांच्या हातांवर उडतें, बोटें काळवंडतात, कातडी सोलवटते. माझें दुखणें पंधरवड्याचें होतें. त्यांचें हंगामभर चालतें. गोडंबीचा भाव ऐकून घासाघीस करण्याची संवय मला होती. ती त्या वर्षीं सुटली.

पुढें एका रविवारीं मुलांनीं मला तें झाड दाखविलें. बांधावर उभें होतें, आणि त्याखालून मी अनेकदां गेलों होतों. पिवळा भाग एका मुलानेंच अलगद तोडून दिला, तेव्हां मीं खाल्ला. चव गोड, किंचित् तुरट. तोच वाळवून वर्षभर ठेवतात, व त्याला बिब्ब्याचीं फुलें म्हणतात.