सोंगाला आतून बळ

होळी सरली की पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखाला बोहाड्याचे वेध लागतात. संबळाच्या ठेक्यावर, मशालींच्या उजेडात प्रथम गणपती आणि सरस्वती येतात. मागून देवदैत्यांची सोंगे नाचत जातात आणि अखेरीस जगदंबा महिषासुराचा वध करते. अनेक गावांत एकेक सोंग एकेका घराकडे पिढीजात चालत आलेले असते. त्यामुळे मुकुटासह मस्तकी धारण करावयाचा तो मुखवटा म्हणजे त्या घराचा मान असतो, तशीच जबाबदारीही.

लाकडी मुखवटा टिकाऊ खरा. पण मानेला जड. कागदाच्या लगद्याचा मुखवटा हलका. परंतु घामाने आणि पावसाळी दमटपणाने तो मऊ पडतो, कडांना चिरतो. अशा घरी घडविलेल्या मुखवट्याला, फायबरच्या मूर्ती करणारे कारागीर वापरतात त्याच काचतंतूंच्या मॅटचे आणि रेझिनचे अस्तर देता येते. मात्र हे बळ आतून द्यावे. रंगाऱ्याने भक्तिभावाने रेखलेले नेत्र आणि भाळावरचा मळवट रेझिनच्या थराखाली झाकून टाकण्यात औचित्य नाही.

मुखवटा प्रथम उन्हात पूर्ण वाळवावा; ओल राहिल्यास रेझिन नीट धरत नाही. मॅट कात्रीने न कापता तळहाताएवढे तुकडे फाडून घ्यावेत, म्हणजे सांधे एकजीव होतात. आतल्या बाजूस रेझिनचा हात देऊन त्यावर तुकडा ठेवावा आणि कुंचल्याने टोचत हवेचे बुडबुडे काढावेत. पातळ मॅटचे दोन थर बहुधा पुरतात. अधिक थरांनी वजनच वाढते. एखादा भाग थर्माकोलचा असल्यास सावध असावे, कारण पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवून टाकते.

येथे उतावळेपणा घातक ठरतो. शंभर ग्रॅम रेझिनला साधारणतः १ ते २ ग्रॅम हार्डनर लागतो. नेमके प्रमाण डब्यावर पाहावे. कोबाल्ट वेगळे मिळाले असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावे, हार्डनर त्यानंतर घालावा. ही दोन द्रव्ये परस्परांत थेट मिसळल्यास भडका उडतो. काम उघड्या अंगणात, चूल आणि देवापुढील दिवा यांपासून दूर, मुलाबाळांना बाजूला ठेवून करावे. हातमोजे, चष्मा आणि रासायनिक वाफ रोखणारा मास्क आवश्यक आहे. नाकाला रुमाल बांधणे पुरेसे नव्हे. घासताना पाणी वापरावे, म्हणजे काचेची धूळ उडत नाही.

वास पूर्ण जाईपर्यंत मुखवटा कित्येक दिवस वाऱ्यावर ठेवावा. मग आत सुती अस्तर लावावे. नेत्रांची व नासिकेची छिद्रे मोकळी आहेत हे तपासावे. वाळलेले रेझिनही पेट घेते, म्हणून मशाल हाताच्या अंतराहून दूरच असावी.

पूर्वजांनी पूजिलेला जुना मुखवटा मात्र या उपायापासून वगळावा. एकदा बसलेले रेझिन मूळ वस्तूस इजा न करता निघत नाही. त्यास देव्हाऱ्यापाशी विसावा द्यावा आणि नाचण्यासाठी नवा घडवावा. मुखवटा देवतेचा असला, तरी त्याखालचा श्वास आपल्याच लेकराचा असतो. त्या श्वासाची काळजी वाहणे हीदेखील जगदंबेची सेवाच होय.