कालवांचा खटला आणि न्यायमूर्तींची टिपणं

बालमित्रांनो, खडकाला घट्ट चिकटलेली कालवं तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. काहींनी चाखलीही असतील! पण याच कालवांवरून अमेरिकेत एक खटला झाला आणि त्यातून नागरिकांच्या हक्कांची यादी जन्माला आली, हे ऐकलंय का कधी?

अमेरिका म्हणजे अनेक राज्यांचा मिळून झालेला देश. त्यातल्या न्यू जर्सी राज्याने १८२० साली कायदा केला, की आमच्या पाण्यातली कालवं फक्त आमच्या रहिवाशांनीच काढायची. १८२१ साली तिथल्या मॉरिस नदीच्या खाडीत परराज्यातल्या कॉरफिल्डचं ‘हायरम’ हे गलबत कालवं काढताना सापडलं आणि जप्त झालं. कॉरफिल्ड गेला कोर्टात! एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यातही नागरिकाचे हक्क मिळतील, असं राज्यघटनेत लिहिलं होतं ना!

खटला आला न्यायमूर्ती बुशरॉड वॉशिंग्टन यांच्यापुढे. हे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पुतणे. पुस्तकांत १८२३ सालचा म्हणून नोंदलेल्या या निकालात ते म्हणाले, की ही कालवं न्यू जर्सीकरांची सामाईक मालमत्ता आहे, ती इतरांना द्यायलाच हवीत असं नाही. कॉरफिल्ड हरला. पण मग नागरिकांचे खरे मूलभूत हक्क कोणते? तेही त्यांनी सांगितलं: सरकारचं संरक्षण, जीवित आणि स्वातंत्र्य, मालमत्ता बाळगणं, कुठल्याही राज्यात जाणं-राहणं, कोर्टात दाद मागणं.

आता गंमत ऐका. या खटल्याची त्यांची मूळ टिपणं शिकागोच्या इतिहास संग्रहालयात होती. अभ्यासकांचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं! प्राध्यापक जेरार्ड मॅग्लिओका यांनी ती वाचली आणि २०१९ साली त्यावर लेख लिहिला. टिपणांत काय निघालं? न्यायमूर्तींचं आधीचं उत्तर अगदी उलट होतं! न्यू जर्सीचा कायदा घटनाबाह्य आहे, असं त्यांनी आधी ठरवलं होतं. मग पुन्हा विचार करून त्यांनी मत बदललं. छापील निकाल वाचून याचा पत्ताही लागत नाही. म्हणून तर जुने कागद जपायचे!

पण एक गोष्ट मनाला टोचते. स्वातंत्र्याचा हक्क सांगणाऱ्या याच न्यायमूर्तींनी १८२१ साली आपल्याकडचे ५४ गुलाम विकले होते. त्यांच्या यादीत त्या माणसांना जागा नव्हती.

यादी मात्र मालकापेक्षा मोठी निघाली. गुलामगिरी संपल्यावर, १८६६ साली, सेनेटर जेकब हॉवर्ड यांनी तीच यादी सेनेटमध्ये वाचून दाखवली. का? तर नागरिकांचे हक्क कुठल्याही राज्याला हिरावता येऊ नयेत, अशी घटनादुरुस्ती हवी होती. १८६८ साली ती झाली आणि अमेरिकेत जन्मलेले, पूर्वी गुलाम असलेले लोकही नागरिक ठरले.

आता तुम्ही सांगा, न्यायमूर्तींचं कोणतं उत्तर बरोबर, आधीचं की नंतरचं? वर्गात दोन गट करा आणि वाद घाला. आणि हो, वाद घालताना मत बदललं तर लाजायचं नाही बरं का!