राष्ट्रपती भवनातलं राणे यांचं चित्र

मलकापूरकरांनो, १६ डिसेंबर २०२५ ला, विजय दिवशी, राष्ट्रपती भवनात 'परमवीर दीर्घा' सुरू झाली. पूर्वी तिथे इंग्रज एडीसींच्या (साहाय्यक लष्करी अधिकाऱ्यांच्या) तसबिरी होत्या, आता २१ परमवीर चक्र विजेत्यांची व्यक्तिचित्रं आहेत. त्यात आपले रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचे अधिकारी, मूळचे कारवारकडचे.

एप्रिल १९४८, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता. तो मोकळा करण्याच्या कामात पहिल्याच दिवशी उखळी तोफांच्या माऱ्यात जखम झाली, तरी राणे मागे फिरले नाहीत. सुरुंग पेरलेल्या वाटेवर ते रणगाड्याखाली सरपटत पुढे गेले. कधी थांबायचं, कधी चालायचं, हे चालकाला दोरीने खुणावत! रस्ता मोकळा झाला आणि १२ एप्रिलला राजौरी हाती आली. हा पराक्रम आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे हवाच.

दिल्लीला राष्ट्रपती भवन पाहायला जाणार असाल तर आधी ऑनलाइन नोंदणी करा. मुलांना सोबत न्या.