स्मार्टफोनमधील व्हिडिओंची निवड व सफाई

सातारा जिल्ह्यातील जावळी-पाटणच्या डोंगरी वाड्यांत अथवा सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडीच्या वस्त्यांवर अनेक शाळा द्विशिक्षकी आहेत. तेथे शिक्षकाचा स्मार्टफोन हेच शाळेचे टपाल व कपाट होय. २०२० साली शाळा बंद झाल्या असता पाठ व्हॉट्सॲपवरून पाठविण्याची पद्धत रुळली. व्हिडिओंचा ओघ वाढला. जागा संपली की छायाचित्र निघत नाही व परिपत्रकही उतरत नाही.

अशा वेळी दप्तराचा नियम स्मरावा. 'अ' वर्गाचे कागद कायम राखतात. 'ड' वर्गाचे लवकर नष्ट करतात. विद्यार्थ्यांचे वाचन, प्रयोग व स्नेहसंमेलन यांचे व्हिडिओ 'अ' वर्गाचे समजून ते प्रथम संगणकावर वा पेनड्राइव्हवर उतरवावेत. शुभेच्छांचा व्हिडिओ पुन्हा येईल. पहिलीतील मुलाचे पहिले वाचन पुन्हा येणार नाही.

नंतर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधील 'स्टोरेज अँड डेटा' व त्यातील 'मॅनेज स्टोरेज' हा भाग उघडावा. वारंवार पुढे धाडलेले व ५ एमबीहून मोठे व्हिडिओ तेथे वेगळे मांडलेले असतात. अनेकांवर खूण करून ते एकदम पुसता येतात.

गूगल फोटोजमध्ये मात्र एक भेद ध्यानी ठेवावा. बॅकअप झालेला व्हिडिओ 'डिलीट' केल्यास फोनमधील व गूगलकडील अशा दोन्ही प्रती जातात. कचरापेटीतून तो ६० दिवसांपर्यंतच परत मिळतो. 'फ्री अप स्पेस' केल्यास केवळ फोनमधील प्रत जाते.

महिनाअखेर हजेरीपत्रकाच्या बेरजेबरोबरच हे कामही उरकावे.