पाच उदाहरणे आणि एक भागाकार

४,२९,४९,६७,२९७. या दहा अंकी संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज आणखी कोणत्या संख्येने निःशेष भाग जातो का? जात नसेल, तर ती मूळसंख्या. प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर मिळायला ब्याण्णव वर्षे लागली.

१६४० साली पिएर द फेर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या ध्यानात एक मौज आली. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा असे घात घ्यायचे (घातांक दर वेळी दुप्पट) आणि प्रत्येकात १ मिळवायचा. उत्तरे येतात ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. या पाचही मूळसंख्या आहेत. तेव्हा या रीतीने मिळणारी प्रत्येक संख्या मूळसंख्याच असणार, असे फेर्माला वाटले. सिद्धता मात्र त्याला देता आली नाही. मालिकेतील सहावी संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. हीच आपली दहा अंकी संख्या !

ती तपासायची कशी? वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे सुमारे ६५,५३६ पर्यंतच्या, सर्व मूळसंख्यांनी भागून पाहावे लागेल. अशा मूळसंख्या आहेत ६,५४२ !

१७३२ साली लेओनार्ड ऑयलर याने दाखवून दिले, की या संख्येला ६४१ ने भाग जातो. त्यानेच पुढे सिद्ध केलेल्या नियमानुसार, हिचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येणारा असतो. अशा मूळसंख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकारात बाकी शून्य !

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

मोठा भागाकार न करताही हे पटवून घेता येते. वही-पेन्सिल घ्या.

(१) ६४० = ५ × १२८, आणि १२८ हा २ चा ७ वा घात. म्हणून ६४० चा चौथा घात = ६२५ × (२ चा २८ वा घात).

(२) ६४१ = ६२५ + १६. दोन्ही बाजूंना २ च्या २८ व्या घाताने गुणा. उजवीकडे मिळेल : (६४० चा चौथा घात) + (२ चा ३२ वा घात). या बेरजेला अर्थातच ६४१ ने भाग जातो.

(३) क्ष च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास येणाऱ्या संख्येला (क्ष + १) ने भाग जातो. म्हणून (६४० चा चौथा घात − १) या संख्येलाही ६४१ ने भाग जातो.

आता (२) मधून (३) वजा करा. उरते २ चा ३२ वा घात अधिक १. झाली सिद्धता !

विद्यार्थी मित्रांनो, पाच उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही. एक विरुद्ध उदाहरण मात्र तो मोडायला पुरते. फेर्माच्या मालिकेत ६५,५३७ नंतर आजवर एकही मूळसंख्या सापडलेली नाही. मग 'पुढे एकही नाही' असे म्हणायचे का? नाही. त्यालाही सिद्धता हवी, आणि ती अजून कोणी दिलेली नाही.