निवडसूची, संगणकीय
निवडसूची, संगणकीय : संगणकाच्या पडद्यावरील अर्जात एखाद्या रकान्यासाठी दिलेली पूर्वनिश्चित पर्यायांची उलगडती यादी. व्यवहारात हिला ‘ड्रॉपडाउन’ म्हणतात. पर्याय थोडे व स्थिर असल्यास ते अर्जाच्या मांडणीतच लिहून ठेवतात. ते पुष्कळ व बदलते असल्यास डेटाबेस, फाइल किंवा अन्य संस्थेची सेवा अशा बाह्य उगमातून आज्ञावलीच्या साहाय्याने आणून भरावे लागतात.

या पद्धतीची गरज गावांच्या नावांवरून चांगली ध्यानात येते. बोरी अरब हे यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील गाव. त्याच जिल्ह्यात केळापूर तालुक्यात पाटणबोरी आहे आणि ‘बोरी’ नावाची गावे महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. अर्जदाराने नुसते ‘बोरी’ लिहिले, तर जमीन कोणत्या गावची हे यंत्राला कळत नाही. नाव कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून. रोमन लिपीत तर खुद्द यवतमाळचे जुने व नवे वर्णलेखन वेगळे आहे. म्हणून नाव लिहून न घेता यादीतून निवडून घेतात. मात्र त्या यादीतच गाव नसेल, तर अर्जदाराचा सातबारा खरा असूनही अर्ज पुढे सरकत नाही.

निवडसूचीतील प्रत्येक पर्यायाची दोन अंगे असतात : वाचकास दिसणारे नाव आणि यंत्राने साठवावयाचा संकेतांक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ व यवतमाळ जिल्ह्याचा ५१० होता. तालुक्यांचे संकेतांक पाच अंकी असून महाराष्ट्रात ते शून्याने सुरू होतात. असा संकेतांक संख्या म्हणून वाचला, तर आरंभीचे शून्य गळते आणि तालुक्याशी एकही गाव जुळत नाही. हिशेबाच्या तक्त्यात फाइल उघडून पुन्हा साठविल्यानेही ही चूक नित्य घडते. संकेतांक हे दिसायला अंक असले, तरी ते अक्षरमालिका म्हणूनच हाताळावे लागतात.

महाराष्ट्रातील गावे ४३ हजारांहून अधिक असल्याने ती सर्व एकदम आणणे गैरसोयीचे होते. त्यामुळे एकमेकींवर अवलंबून असलेल्या निवडसूच्या योजतात. जमिनीचे अभिलेख दाखविणाऱ्या ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर अमरावती हा विभाग, मग यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका व शेवटी गाव असा क्रम लागतो. वापरणाऱ्याने तालुका निवडताच आज्ञावली त्याचा संकेतांक सर्व्हरकडे पाठविते. सर्व्हर डेटाबेसमधून त्या तालुक्याची गावे शोधून ती बहुधा ‘जेसन’ या मजकूररूप मांडणीत परत करतो. आज्ञावली आधीची यादी रिकामी करून एकेक पर्याय जोडते. संपूर्ण पान पुन्हा न आणता एवढाच भाग बदलण्याची सोय १९९९ च्या सुमारास न्याहाळकांत आली व २००५ पासून ‘एजॅक्स’ या नावाने रूढ झाली.

जुनी यादी रिकामी करण्यास विसरल्यास दोन तालुक्यांची गावे एकत्र होतात. याहून फसवा दोष उत्तरांच्या क्रमाचा. कोणी प्रथम दिग्रस व लगेच दारव्हा निवडले आणि दिग्रसचे उत्तर उशिरा आले, तर ‘दारव्हा’ या मथळ्याखाली दिग्रसची गावे दिसू लागतात. यासाठी प्रत्येक उत्तर शेवटच्या मागणीचेच आहे काय, हे तपासतात. ग्रामीण भागातील मंद जोडणीवर ही दक्षता केवळ पुस्तकी राहत नाही.

पर्यायांचा क्रम हाही मराठीत स्वतंत्र प्रश्न होय. युनिकोडच्या अंकक्रमाने लावल्यास ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो आणि ‘क्ष’ हा ‘क’मध्ये मिसळतो, मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’नंतर व ‘क्ष’ त्याच्याही पुढे असतो. म्हणून भाषानिहाय क्रमाचे नियम वेगळे सांगावे लागतात.

उगमाची निवड ही तंत्राइतकीच प्रशासनाची बाब आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झाल्याने २०११ च्या यादीवर बेतलेल्या अर्जात तो सापडत नाही. औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. नाव बदलले तरी संकेतांक कायम ठेवता येतो व जुने अर्ज निरर्थक ठरत नाहीत. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका असे बदल नोंदविते. परंतु तिचे जिल्हा-संकेतांक जनगणनेहून भिन्न असल्याने दोन्ही उगम वापरताना जुळणीचा तक्ता लागतो.

यादीतून निवड केली म्हणजे माहिती शुद्धच आली, असे मानणे चूक आहे. न्याहाळकातून गेलेली मागणी वाटेत बदलता येते. त्यामुळे गाव त्या तालुक्यातीलच आहे, याची पडताळणी सर्व्हरने पुन्हा करावयाची असते. उगम बंद असल्यास अलीकडे साठविलेली प्रत वापरतात आणि यादीच्या अखेरीस ‘गाव यादीत नाही’ असा पर्याय ठेवून नाव लिहिण्यास मोकळा रकाना देतात. असे अर्ज वेगळे काढून तलाठी दप्तराशी ताडून पाहता येतात.