काय येत नाही ते लिहा

आपल्याकडे संशोधकाच्या हातात पहिले पैसे येतात ते परीक्षेतून. नेट दिली, जेआरएफ लागली की महिना 37,000 रुपये सुरू. सिनिअर झालं की 42,000. या सगळ्या प्रवासात ‘तुला काय येत नाही?’ असं कुणी विचारत नाही. उलट येतं तेवढं सगळं बायोडेटात कोंबायची सवय लागते. मग पीएचडी झालेलं पोरगं पोस्टडॉकसाठी युरोपकडे वळतं, मेरी क्युरी फेलोशिपचा अर्ज उघडतं आणि तिथे नेमका हाच प्रश्न समोर येतो.

ही फेलोशिप युरोपियन युनियनची. पीएचडीनंतर साधारण आठ वर्षांच्या आत असलेल्या कुणालाही, कुठल्याही देशातून अर्ज करता येतो. अट एकच, पण जाचक: ज्या देशात जायचं तिथे मुदतीच्या आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. कारण पैसे फक्त संशोधनाला नसतात. माणसाने जागा बदलावी, नवं काही शिकावं, म्हणून ते दिले जातात. अर्जही एकट्याचा नसतो, तिकडच्या यजमान संस्थेबरोबर मिळून करायचा असतो. दहा पानं, मजकुराचा टाइप 11 पॉइंटांहून लहान नको. अकरावं पान परीक्षक वाचतच नाहीत.

आमची एक ज्युनियर 2024 च्या फेरीला बसली. ती कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर काम करते. पावसाळ्यात सड्यावरच्या खळग्यांत पाणी साठतं, ऑक्टोबरनंतर ते आटतं आणि तळाचा गाळ पुढचे सात-आठ महिने उन्हात करपत पडतो. तरी पहिल्या पावसात त्यात जिवाणू जागे होतात. कसे तगतात, हा तिचा प्रश्न. व्हिएन्नातल्या एका प्रयोगशाळेत एकेका पेशीचा जनुकसंच वाचायचं तंत्र आहे. ते शिकायला तिला जायचं होतं.

मसुदा घेऊन आली. प्रशिक्षणाच्या भागात पहिलंच वाक्य: ‘उमेदवाराला जिवाणूशास्त्र, जनुकविज्ञान, संख्याशास्त्र आणि संगणकीय विश्लेषण यांचा सखोल अनुभव आहे.’

मी म्हटलं, “मग जातेस कशाला?”

“दादा, असं लिहिलं नाही तर ते म्हणतील हिला काहीच येत नाही.”

ही भीती खोटी नाही, म्हणूनच हा भाग लिहायला सगळ्यात अवघड. शोधनिबंधांची यादी पुढे स्वतंत्र येते. इथे हवी असते शिकण्याची यादी. पण सगळंच येत नाही म्हटलं तर हिच्या हातून प्रकल्प होईल कसा, अशी शंका येणार. कोणती उणीव उघड करायची आणि कोणती जमेची बाजू तिच्या शेजारी मांडायची, याचा तोल सांभाळावा लागतो. संध्याकाळभर आम्ही त्या एका परिच्छेदावर बसलो. शेवटी उरलं ते असं: गाळातून मिश्र नमुन्याचा डीएनए काढणं आणि वाचणं तिने स्वतः उभं केलं आहे, पण त्यातून समूह दिसतो, एकटी पेशी दिसत नाही, सुप्त पेशी वेगळी काढायचं तंत्र तिला येत नाही, यजमानांकडे ते आहे, पहिल्या सहा महिन्यांत कुणाकडून आणि कुठल्या यंत्रावर ती ते शिकेल. ‘सखोल’ हा शब्द कुठेच राहिला नाही. ‘येत नाही’ हे दोन शब्द टाइप करताना तिचा हात थांबला होता, हे मी पाहिलं.

दुसरी मजेशीर जागा म्हणजे जोखमीचा तक्ता. काय बिघडू शकतं, बिघडलं तर काय करणार, असे रकाने. बहुतेक मसुद्यांत इथे ‘जोखीम: कमी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष काम डोळ्यांसमोर आणलेलंच नाही. हिच्या तक्त्यातली पहिली ओळ मात्र खरीखुरी होती. भारतातला गाळ, त्यातले जिवाणू परदेशी न्यायचे तर जैवविविधता कायदा 2002 लागू होतो आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. प्राधिकरण चेन्नईला. परवानगी लांबली तर पहिलं वर्ष हातातून जाणार. तिने लिहिलं: अर्ज आधीच करणार, तोवर ऑस्ट्रियातल्याच कोरड्या मातीवर तंत्राचा सराव करणार. सड्यावर अनवाणी चाललेल्या माणसालाच सुचतं असं.

गँट चार्टबद्दल फार बोलायला नको. रंगीत पट्ट्यांचा तो तक्ता सगळे करतात, सगळ्यांचा एसटीच्या वेळापत्रकासारखा असतो, आणि परीक्षकांनाही ते ठाऊक असावं.

मुदत होती 11 सप्टेंबर, ब्रसेल्सची संध्याकाळ पाच, म्हणजे आपली रात्र साडेआठ. त्या दिवशी गौरीपूजन. घरात पुरणाचा घाट, सवाष्णींची जेवणं, आणि ही आतल्या खोलीत समासाची रुंदी तपासतेय. अर्ज एकदा पाठवला तरी मुदतीपर्यंत बदलून पुन्हा पाठवता येतो, शेवटची प्रत धरतात. म्हणून शहाणे लोक दोन दिवस आधी पाठवून ठेवतात. हिनेही ठेवला होता, पण हात स्वस्थ बसत नव्हता. काकू बाहेरून विचारत होत्या, “अगं, पगार किती देणारेत?” आकडा तेव्हा 5,080 युरो महिना, ऐकायला भारी. पण तो संस्थेच्या वाट्याची कपात धरून आणि देशागणिक बदलणारा. हातात येतो त्याहून बराच कमी. काकूंना ते कोण सांगणार?

परीक्षक तीन. गुणवत्तेला 50 टक्के, परिणामाला 30, अंमलबजावणीला 20. प्रत्येकी पाचपैकी गुण, दशांशासकट. त्या फेरीत 10,360 अर्ज आले आणि 1,696 जणांना पैसे मिळाले. फेब्रुवारीत तिचा निकाल आला: 88.2. 85 च्या वर गुण पडून पैसे न मिळालेल्यांना ‘सील ऑफ एक्सलन्स’ नावाचं प्रमाणपत्र मिळतं. काही देश त्यावर स्वतःचे पैसे देतात. बाकीच्यांनी ते फ्रेम करावं. मला हा प्रकार जरा क्रूर वाटतो.

गुणांबरोबर मात्र अहवाल येतो, बलस्थानं आणि त्रुटी वेगळ्या मांडलेला, आणि मला वाटतं या सगळ्या उपद्व्यापात सगळ्यात प्रामाणिक कागद तोच. जोखमीचा तक्ता त्यांना पटला होता. प्रशिक्षणाची गरज नेमकी मांडली आहे, असंही होतं. त्रुटींत पहिली ओळ: उमेदवार यजमानांना काय देणार, हे पुरेसं स्पष्ट नाही. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी व्हावी अशी या योजनेची अपेक्षा असते. उणिवा लिहायला शिकताना तिने स्वतःची बाजू दोन ओळींत उरकली होती.

2025 च्या फेरीला तिने पुन्हा अर्ज केला. त्या वर्षी 17,058 अर्ज आले, आधीच्या दीडपटीहून जास्त. नव्या मसुद्यात यजमानांसाठी अख्खा परिच्छेद आहे: करपलेल्या खळग्यातून गाळ कसा उचलायचा, कुठल्या थरातला, दिवसाच्या कुठल्या वेळी, आणि प्रयोगशाळेपर्यंत त्याला ओल न लागू देता कसा आणायचा, हे तिथल्या विद्यार्थ्यांना ती शिकवणार आहे. व्हिएन्नात हे कुणालाच येत नाही, असं तिने त्यात सरळ लिहिलं आहे.